होडी पाणी पिते

आमची शेती दोन जागी. बारा आणे घरामागच्या उतारावर आणि चार आणे नदीच्या पोटात. नदी म्हणजे वाशिष्ठी. चिपळूणच्या खाली ती पसरते, हळूहळू खारी होते, आणि तिथून दाभोळला दर्याला मिळेपर्यंत आम्ही तिला खाडीच म्हणतो. वरून कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं गोडं पाणी येतं, खालून भरतीचं खारं पाणी चढतं. या दोन पाण्यांच्या मध्ये गाळाची बेटं आहेत. अशा बेटाला आमच्याकडे जुवाड म्हणतात. एका जुवाडावर आमचे बावीस गुंठे आहेत. आजोबांनी बांध घालून धरलेले, वडिलांनी राखलेले, आणि माझ्या हातून जवळजवळ गेलेले.

जुवाडावर जायला पूल नाही. भरतीला दोनशे हात पाणी, ओहोटीला गुडघाभर चिखल आणि मध्ये छातीभर धार. मी शाळेत होतो तेव्हा गावाची तर होती. तर म्हणजे माणसं नेणारी मोठी होडी. तरीवाल्याला पैसे द्यायचे नसत. सुगी झाली की घरटी भात घालायचं, की वर्षभर कधीही हाक मारा. बैल होडीत घेत नसत. कासरा होडीतल्या माणसानं धरायचा आणि बैलांनी मागून पोहत यायचं. १९७६ साली मी दहावी झालो. निकालाच्या दिवशी वडील जुवाडावर नांगर धरून होते. मी तरीतूनच ओरडून सांगितलं, "पास झालो!" ते म्हणाले, "बरं झालं, आता उतर आणि बैल धर." माझं शिक्षण तिथं संपलं आणि शेती सुरू झाली.

पुढं पोरं मुंबईला गेली, जुवाडावरची घरं एकेक करून शेती सोडायला लागली. तरीवाला म्हातारा झाला. त्याच्या मुलांना त्या भातात राम वाटेना, आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. २०१२ च्या पावसानंतर तर बंद झाली ती झालीच. आम्ही दोन वर्षं कुणाची ना कुणाची होडी मागून शेती केली. मागून आणलेली होडी आपल्या वेळेला मिळत नाही, आणि भरती काही आपल्यासाठी थांबत नाही. तिसऱ्या वर्षी रान पडीक ठेवलं. चौथ्या वर्षी बांधाला खांड पडली.

शहरातल्या वाचकांना खांड म्हणजे काय ते सांगायला हवं. खाजण जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीला असते. तिच्याभोवती माती-दगडांचा बांध असतो आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला एक उघाडी असते. बांध आहे तोवर ती शेती. खेकडे बांधात बिळं करतात, लाटा माती ओढतात, म्हणून दरवर्षी थोडी माती चढवावी लागते. एक वर्ष चढवली नाही तर बांध खचतो, दोन वर्षांनी खांड पडते. मग रोज दोनदा खारं पाणी आत. आणि पाण्याबरोबर येतं तिवराचं बी. तिवरं एकदा उभी राहिली की ती तोडायला कायद्यानं बंदी. ते बरोबरही आहे, तिवरांमुळे किनारा राहतो, मासा राहतो. पण मग ती जमीन सातबारावर आमची आणि प्रत्यक्षात खाडीची.

२०१७ च्या माघात एका ओळखीच्या भोयाच्या होडीतून मी बघायला गेलो. खांड माझ्या दोन हातांएवढी झाली होती. आत चिखलातून वीतभर उंचीची तिवराची रोपं वर आली होती, हिरवीगार, अगदी लावल्यासारखी. मी बांधावर बसून राहिलो. घरी आल्यावर आमच्या मंडळींना एवढंच म्हणालो, "होडी घ्यायला पाहिजे."

ती म्हणाली, "घ्या."

मुलगा डोंबिवलीला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, घ्यायचीच तर फायबरची घ्या. लाकडाच्या मागे कुठं लागता?" त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पण नव्या फायबरच्या होडीला लाखाच्या वर सांगत होते आणि माझ्याकडे काजूचे वीस हजार होते. मी म्हटलं, जुनी लाकडी बघू.

खाडीच्या खालच्या अंगाला एका घरात एक होडी होती. घरातला कर्ता गेला, मुलं नोकरीला. होडी दोन वर्षं खोपीत आडवी पडून होती. अठरा फूट लांब, मध्ये साडेचार फूट रुंद. एका घराला पुरेल अशी, सहा माणसं आणि चार गोणी घेणारी. निळा रंग, नाळेवर पिवळी पट्टी आणि दोन बाजूंना दोन डोळे रंगवलेले. त्या डोळ्यांनीच मला फसवलं म्हणायला हरकत नाही.

बैल घ्यायला गेलो असतो तर मी दात बघितले असते, खूर बघितले असते, दहा पावलं चालवून बघितला असता. होडीचे दात कुठं असतात ते मला माहीत नव्हतं. मी तिच्याभोवती दोनदा फिरलो, वरच्या फळीवर थाप मारली आणि "चांगली आहे" म्हणालो. घरातल्या बाईंनी अठरा सांगितले, चौदा हजाराला सौदा झाला. निघताना त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी लई जपली होती तिला." मी घरी सांगितलं, मालकानं जपलेली होडी आहे. मालक जाऊन दोन वर्षं झालीत, हे मी सांगितलं नाही.

होडी उधाणाच्या भरतीला ओढत आणली आणि आमच्या आंब्याखाली उलटी घातली. फाल्गुन संपत आलेला. पावसाला अडीच महिने. मी मनाशी ठरवलं, पंधरा दिवसांत होडी तयार करायची आणि उरलेल्या दिवसांत बांध बांधायचा. सुताराला बोलवायचं तर मजुरी, आणि होडीचं काम जाणणारा मिस्त्री आता तीन गावांत एक. म्हटलं, आपणच करू. नांगर केला, खाट केली, होडी काय मोठी?

रंग खरवडला. खाली काळपट लाकूड. खिळ्यांभोवती गंज. तळाचा जो मुख्य कणा असतो त्याला पठाण म्हणतात. त्या पठाणाला लागून जी पहिली फळी, तिच्यात एका जागी माझी खरवडणी आत गेली. लोण्यात जावी तशी. मी बोट घातलं तर ओला भुसा हाताला आला. तळहाताएवढी जागा असेल.

आता ती फळी काढायची तर तिच्या आतले वांक सैल करावे लागणार. वांक म्हणजे होडीच्या बरगड्या. वांक काढायचे तर शेजारची फळी निघणार. म्हणजे सगळी होडी उकलणार. हे मला तेव्हाही कळत होतं. मी इकडंतिकडं बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली लांबी होती. ती त्या भोकात भरली, पत्र्यानं सपाट केली, सुकल्यावर वरून गरम डांबर फासलं. सगळ्याच तळाला फासलं, म्हणजे एकच जागा वेगळी दिसायला नको. वर नवा निळा रंग दिला. एकूण खर्च तीन हजार दोनशे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. मुलाला "लाकडाचीच घेतो" असं तोऱ्यात सांगून बसलो होतो, हे एक. आणि घरात काजूचे पैसे संपले होते, हे दुसरं. पण खरं कारण असं की, झाकल्यावर मलाच ती जागा दिसेनाशी झाली आणि मला बरं वाटलं.

चैत्रात होडी पाण्यात घातली. घातली तशी सांध्यांसांध्यांतून पाणी आत. मी घाबरलो. शेजारचा एक भोई हसला. म्हणाला, "दोन वर्सं सुकलेली हाय, पाणी पिते ती. फळ्या फुगल्या की सांधे मिटतात. पिऊ दे." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पाणी कमी झालं, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. मला केवढा आनंद! पण एका जागी, पठाणाच्या बाजूला, ओल राहिलीच. रोज सकाळी दोन डबे पाणी काढावं लागायचं. मी म्हणायचो, होडी पाणी पिते. आठवड्यानंतरही म्हणत होतो, पाणी पिते. महिन्यानंतरही.

त्या होडीनं मात्र काम दिलं. वैशाखात आम्ही दोघांनी आणि दोन गड्यांनी दगड नेले, माती नेली, खांड बुजवली. उघाडीला नवी फळी बसवली. तिवराची कोवळी रोपं होती त्यांना हात न लावता, तो एक कोपरा सोडून, बांध आत घेतला. तीन गुंठे गेले, एकोणीस राहिले. मृगाच्या पावसानं मीठ धुतलं जावं म्हणून पाणी भरून सोडून, भरून सोडून रान तयार केलं. रोप घरी केलं होतं, पनवेल-३ चं. खाऱ्या जमिनीत टिकणारं बियाणं म्हणून कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खारजमीन केंद्रातून निघालेलं.

आषाढात लावणी. त्या दिवशी अमावास्या मागं पडून चौथा दिवस. आमच्याकडे भरतीचा हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आम्ही खाडीच्या आत असल्यानं त्याहून थोडी उशिरा. सकाळी भरती ओसरायच्या आत पोचायचं म्हणून अंधारातच निघालो. होडीत मी, आमची मंडळी, लावणीला आलेल्या वाडीतल्या दोघी, रोपांच्या साठ-सत्तर जुड्या आणि एक खताची गोणी. पाऊस धरून होता. पाणी गढूळ, ओहोटी लागलेली.

अर्ध्यावर आलो तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "अहो, पाय भिजले."

मी म्हटलं, "पावसाचं आहे."

ती म्हणाली, "पावसाचं नाय. खालून येतंय."

मी वल्हं मारत राहिलो. मग माझ्याही पायाला गार लागलं. पाणी वाढत नव्हतं, चढत होतं. दोघींतली एक रडायला लागली. तिचं सहा महिन्यांचं मूल घरी होतं. आमची मंडळी डब्यानं पाणी काढायला लागली. मी ओरडलो, गोणी टाका. गोणी गेली. मग जुड्या टाकल्या. महिनाभर राखलेलं रोप धारेबरोबर हिरवं हिरवं वाहत गेलं. ओहोटीनं आम्हांला खाली ओढलं. खाली एक चिखलाचा थर आहे, तिथं हिवाळ्यात मगरी उन्हाला पडतात. आमच्या खाडीत मगरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता तर लोक पैसे देऊन बघायला येतात. त्या दिवशी तोच चिखल आमच्या नशिबानं आला. होडी काठोकाठ भरून तिथं रुतली आणि आम्ही चौघं मांडीभर चिखलातून वर आलो. मगर दिसली नाही. कुणाला इजा झाली नाही. एवढंच घडलं. पण शंभर हात अलीकडे होडी बसली असती तर हा लेख लिहायला मी राहिलो नसतो, आणि राहिलो असतो तर लिहिला नसता.

दुसरी होडी येईपर्यंत आम्ही तिथंच पावसात उभे. आमची मंडळी रुतलेल्या होडीजवळ गेली. आतलं पाणी उपसलं, पठाणाच्या बाजूला वाकून बघितलं. लांबीचा तुकडा सुटून खपलीसारखा लोंबत होता. तिनं त्या भोकात बोट घातलं. अगदी मी घातलं होतं तसं. मग माझ्याकडं बघून म्हणाली,

"तुम्हांला माहीत व्हतं?"

मी काही बोललो नाही.

"मला सांगायचं. मी बसले असते की नसते ते माझं मी बघितलं असतं. पण ह्या दोघींना बसू दिलं नसतं."

त्यानंतर ती चिडली नाही, भांडली नाही. घरी येऊन तिनं त्या दोघींना दिवसाची पूर्ण मजुरी दिली, पातळं धुतली, चुलीवर चहा ठेवला. तिनं भांडायला हवं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिचं भांडण मी पुष्कळ ऐकलंय. त्याची मला सवय आहे. न भांडण्याची नव्हती.

त्या वर्षी जुवाडावर सहा गुंठे लावणी झाली, तीही मागून आणलेल्या होडीतून. बाकी रान मोकळं राहिलं. पण बांध होता, म्हणून खारं पाणी आत आलं नाही.

दिवाळी झाल्यावर मी पलीकडच्या गावात मिस्त्रीकडं गेलो. वय अठ्ठ्याहत्तर, कानाला कमी, हात मात्र स्थिर. बापाच्या हाताखाली गलबतांवर काम केलेला माणूस. होडी बघायला आला. सोबत आणला फक्त एक लाकडी हातोडा. होडी पुन्हा आंब्याखाली उलटी घातलेली होती. त्यानं सगळ्यात आधी पठाणावर ठोकलं. नाळेपासून मागपर्यंत, वीत वीत सरकत. ठण, ठण, ठण. मग खाली बसला आणि म्हणाला, "पठाण ऐनाचा हाय, शाबूत हाय. हा गेला असता तर म्हटलं असतं, फोड आणि पाणी तापव."

मग फळ्या ठोकायला लागला. फणस पिकला का ते आपण टिचकी मारून बघतो ना, तसं. चांगल्या लाकडाचा आवाज टणक. सडलेल्याचा पिकल्या फणसासारखा बद्द. जिथं बद्द आवाज आला तिथं तो मला कोळशानं फुली मारायला सांगायचा. मी मोजल्या, सतरा फुल्या. मी झाकलेली जागा एक होती. बाकी सोळा जागा मला माहीतच नव्हत्या.

"हे डांबर कुणी फासलं?"

"मीच."

"लाकूड सुकू दिलंस?"

"नाही."

"मग ओल आत कोंडलीस तू. बाहेरून पाणी येऊ दिलं नाहीस आणि आतलं जाऊ दिलं नाहीस. तळहाताएवढं व्हतं ते हातभर झालं."

मिस्त्रीनं आधी डांबर जाळून खरवडून काढलं. मग होडी उकलली. पठाणाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या काढल्या. एका फळीत खाऱ्या पाण्यातल्या किड्यानं आतून पोखरलेल्या नळ्या होत्या. वरून टाचणीएवढं भोक, आत करंगळी जाईल एवढी वाट. लोखंडी खिळे गंजून फुगले होते आणि प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडून मऊ झालं होतं. तीन वांक मोडले. जुन्या फळ्या मात्र त्यानं टाकू दिल्या नाहीत. म्हणाला, त्याच फर्मा. त्यांच्यावर ठेवूनच नव्या कापायच्या.

नव्या फळ्या कुठून आणायच्या हा प्रश्न होता. आमचा परड्यातला जुना फणस तीन वर्षांपूर्वी वाऱ्यानं पडला होता. त्याच्या फळ्या काढून माळ्यावर सुकत ठेवलेल्या. घराला पुढचं दार नवं करायचं, ही आमच्या मंडळींची फार दिवसांची हौस. त्या फळ्यांना मी हात लावणार नव्हतो. संध्याकाळी मिस्त्री गेल्यावर ती स्वतःच माळ्यावर चढली आणि एकेक फळी खाली सोडायला लागली. मी म्हटलं, "दाराचं काय?"

म्हणाली, "जुनं दार लागतंय अजून. धरा, पायावर पडेल."

पावसानंतर ती माझ्याशी एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली होती.

फणसाच्या फळीला बाक द्यायचा तर ती ओली करून झावळ्यांच्या जाळावर शेकायची, एक टोक बांधून दुसऱ्या टोकाला दगड टांगायचा आणि सावकाश वाकू द्यायची. घाई केली की ती तडकते. एक तडकली. वांकासाठी बाभळीची वाकडीच फांदी बघून आणली, कारण सरळ लाकूड कापून केलेला वाक टिकत नाही, धागा तुटतो. खिळे जस्त चढवलेले घेतले. तांब्याचे परवडण्यासारखे नव्हते. मग सांधे भरायचे. कापसाची बोटभर जाड वात वळायची, उंडीच्या तेलात भिजवायची आणि बोथट पटाशीनं सांध्यात ठोकायची. वाती वळायचं काम आमच्या मंडळींनी केलं. देवाच्या वाती वळणारा हात, फक्त वात जाड. मिस्त्री मला पुन्हा पुन्हा सांगायचा, "गच्च भरू नको. लाकूड फुगणार हाय, त्याला जागा ठेव. जागा नाय ठेवलीस तर ते खिळे उपटेल." वरून राळ, चुना आणि तेलाची लुकण. शेवटी आतून-बाहेरून उंडीचं तेल, तीन हात. आमच्या घरात आठ दिवस त्या कडू तेलाचा वास होता.

मिस्त्रीचे चौदा दिवस, सातशेप्रमाणे नऊ हजार आठशे. खिळे दोन हजार नऊशे. तेल, कापूस, राळ दोन हजार शंभर. वांकाचं लाकूड अठराशे. सोळा हजार सहाशे झाले. त्यातले दहा हजार मुलानं पाठवले. पहिले चौदा हजार आणि माझे वाया गेलेले तीन हजार दोनशे धरले तर होडी तेहतीस हजार आठशेला पडली. शिवाय एक दार. पहिल्याच वेळी मिस्त्रीला सोबत घेऊन होडी बघायला गेलो असतो तर एवढं झालं नसतं. जुनी होडी घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच आहे. रंग बघू नका. उलटी घाला, पठाण ठोका, मग पैशाचं बोला.

माघी पौर्णिमेच्या उधाणाला होडी पुन्हा पाण्यात घातली. मुलगा आला होता. आधी चार दिवस आत ओली गोणपाटं घालून ठेवली होती, तरी रात्रीत अर्धी होडी भरली. सकाळी मुलगा धावत आला, "बाबा, बुडाली!" मिस्त्री काठावर विडी ओढत बसला होता. म्हणाला, "पाणी पिते. उपस आणि मोज." पहिल्या दिवशी एकशेवीस डबे. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी मी वाकून बघितलं, तळ ओलसर होता, पण डब्यात घेण्यासारखं पाणी नव्हतं.

मिस्त्री म्हणाला, "पिणारी होडी रोज कमी पिते. रोज तेवढंच पीत असेल तर ती पीत नाय, गळते."

मागच्या वर्षी सबंध दोन महिने रोज दोन डबे. मी ते रोज मोजत होतो, आणि रोज त्याला पिणं म्हणत होतो. मिस्त्रीला हे मी सांगितलं नाही. आमची मंडळी शेजारीच उभी होती. तिला सांगायची गरज नव्हती.

त्या पावसात एकोणीस गुंठ्यांत पुरी लावणी झाली. भात फार नाही झालं, जमीन अजून खारी होती. अडीच क्विंटल आलं. पुढच्या वर्षी चार.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला महापूर आला, तो सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. आमच्याकडे नदी अंगणात आली. मी आदल्या संध्याकाळीच होडी लांब दोरानं आंब्याला बांधली होती, पाण्याबरोबर वर चढेल अशी. पाणी उतरल्यावर ती शेजाऱ्याच्या वाफ्यात सरळ बसलेली सापडली. एक वांक तडकला होता. जुवाडावरचा बांध दोन जागी फुटला, रोप गाळाखाली गेलं. शेजारच्या ज्यांच्या खाचरांना बांधायला कुणी गेलं नाही, तिथं आज तिवरं माझ्या उंचीची आहेत. आम्ही पुढच्या उन्हाळ्यात त्याच होडीतून एकशेऐंशी खेपा माती नेली. मी आणि मुलगा. तो रजा काढून आला होता. फायबरचं नाव त्यानं काढलं नाही.

आता दरवर्षी माघात होडी वर काढतो. शिंपल्यांचा थर खरवडतो, झावळ्यांचा हलका जाळ देऊन तळ शेकतो म्हणजे किडा मरतो, उंडीचं तेल देतो. मिस्त्री गेला, त्याचा हातोडा त्याच्या मुलानं मला दिला. पठाणापासून सुरुवात करून वीत वीत ठोकत जातो. बद्द आवाज आला की फुली मारतो. फुली पुसायची नाही, तिथं लाकूड बदलेपर्यंत ती राहू द्यायची, हा मी घातलेला नियम. लावणीला येणाऱ्या बायकाही त्या फुल्या बघतात.

आणि आमची मंडळी होडीत पाय टाकायच्या आधी अजूनही वाकते. पठाणालगतच्या फळीवर पालथा हात फिरवते, हात बघते, मग बसते. दरवेळी. पहिल्या वर्षी मला ते लागायचं. आता ती हात फिरवून होईपर्यंत मी वल्हं उचलत नाही.